मांजराला मधुमेह झाला तर



मांजराला मधुमेह होतो असं म्हटलं, की पुष्कळांना हसू येतं. हा बैठ्या कामाच्या माणसांचा रोग. कणगीखालचे उंदीर धरणाऱ्या जनावराचा त्याच्याशी काय संबंध, असं वाटतं. पण संबंध आहे. उतारवयाची, घरात बसून लठ्ठ झालेली मांजरं, त्यातही खच्ची केलेले बोके, यांना हा रोग अधिक होतो. एका मांजरापासून दुसऱ्याला किंवा माणसाला तो लागत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

रोगाची खूण घरातच दिसते. मांजर भांडंभर पाणी पितं, वारंवार लघवी करतं, खातं पुष्कळ आणि तरी वाळत जातं. चार किलोच्या मांजराने दिवसात पाव लिटरहून जास्त पाणी प्यायलं, तर ते जास्तच समजा. काही मांजरं मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालू लागतात. मात्र एकदा रक्त तपासून निदान होत नाही. दवाखान्यात नेलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनेही चढते. म्हणून डॉक्टर लघवीतली साखर पाहतात, आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देणारी रक्ताची वेगळी तपासणीही करतात.

निदान पक्कं झालं, डॉक्टरांनी इन्शुलिनची बाटली आणि सुया हातात दिल्या. आता पुढे काय? पुढचं सारं काम घरचं आहे.

पहिली गोष्ट वेळेची. बहुतेक मांजरांना दिवसातून दोनदा, बारा बारा तासांनी इन्शुलिन द्यावं लागतं. सकाळी सातला दिलंत तर संध्याकाळी सातला. धारेची वेळ जशी चुकत नाही, तशी ही चुकू नये. मांजर खाऊ लागलं, की मानेमागची किंवा कुशीवरची कातडी चिमटीत उचलायची आणि तिच्या घडीत सुई घालायची. सुई इतकी बारीक असते, की पुष्कळ मांजरं बशीतून तोंडही वर करीत नाहीत.

दुसरी गोष्ट सिरिंजची, आणि इथे नीट लक्ष द्या. आपल्याकडे इन्शुलिनच्या बाटल्या दोन प्रकारच्या मिळतात. एकीत दर मिलिलिटरला ४० युनिट असतात, दुसरीत १००. सिरिंजही तशाच दोन. आता समजा, १०० च्या बाटलीतलं औषध ४० च्या सिरिंजने ओढलं. एक रेघ ओढली असं तुम्हाला वाटेल, पण औषध जाईल अडीच युनिट! मांजराचा डोसच मुळी सुरुवातीला एखाद-दोन युनिटांचा. तेव्हा बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवून पाहिल्याशिवाय सुई टोचू नका.

औषध बर्फात गोठू देऊ नये आणि उन्हातही ठेवू नये. घरी फ्रीज नसेल, तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशा बंद डबीत बाटली ठेवा. उघडलेली बाटली किती दिवस वापरायची, ते डॉक्टरांना विचारून तिच्यावर तारीख लिहा. वापरलेल्या सुया उकिरड्यावर टाकू नका. झाकणाच्या जाड डब्यात साठवून दवाखान्यात द्या.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. साखर वाढली तर मांजर दिवसागणिक खंगतं. पण साखर एकदम उतरली, तर तासा-दोन तासांतही दगावू शकतं. म्हणून मांजर जेवलं नाही, तर नेहमीचा डोस तसाच टोचू नका, डॉक्टरांना विचारा. डोस दिला की नाही, असा संशय आला तर पुन्हा देऊ नका. एक डोस चुकल्याने सहसा बिघडत नाही. दोन पडले तर बिघडतं.

मांजर लटपटू लागलं, थरथरलं, बावचळल्यासारखं झालं, तर साखर उतरली असं धरून चाला. गिळता येत असेल तर लगेच खायला द्या. खात नसेल तर मध, काकवी किंवा साखरेचं दाट पाणी बोटाने हिरड्यांना चोळा. घशात ओतू मात्र नका, ते श्वासनलिकेत जाईल. झटके येत असतील तर तोंडात बोट घालू नका. आणि सावध झालं तरी दवाखाना गाठाच. उलट, मधुमेही मांजर खाणं सोडून ओकू लागलं, मलूल पडलं, तर तेही संकटच. उद्यावर ढकलू नका.

आता खाण्याचं. आपण मांजराला दूध-भात घालतो, भाकरी कुस्करून घालतो. मायेनेच घालतो. पण मांजर मूळचं मांसाहारी. गोड चवही त्याच्या जिभेला कळत नाही. भात-भाकरीचं पीठूळ अन्न या रोगात त्याला सोसत नाही. बिनमिठाचं, कांदा-लसूण न घातलेलं उकडलेलं मांस, मासळी, अंडं असं अन्न बरं. फक्त हा बदल हळूहळू आणि डॉक्टरांना सांगून करा. कारण अन्न बदललं की इन्शुलिनची गरज एकाएकी कमी होते. माणसांच्या मधुमेहाच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत, हे सांगायला नकोच.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. ज्या घरी असं मांजर असेल, तिथल्या मुलाला एक वही घालायला सांगा. पाणी किती प्यायलं, खाल्लं किती, डोस किती वाजता दिला, आठवड्याचं वजन किती. मोजमापाचा असा जिवंत धडा पुस्तकात मिळणार नाही, आणि डॉक्टरांनाही त्या वहीचा मोठा आधार होईल. सुई मात्र मोठ्या माणसानेच द्यावी.

कोणी म्हणेल, मांजरासाठी एवढा खटाटोप कशाला? खर्च आहे, सुगीच्या दिवसांत वेळ नाही, जत्रेला जायचं तर मागे कोण? प्रश्न खरे आहेत. म्हणून घरातल्या दोघांनी तरी सुई द्यायला शिकावं, आणि खर्चाचं डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावं. पण एक ध्यानात ठेवा. निदानानंतरचे पहिले काही महिने नेटाने सांभाळले, तर काही मांजरांचं इन्शुलिन पुढे सुटतंसुद्धा. सगळ्यांचं सुटत नाही. पण ज्यांचं सुटत नाही, तीही वर्षानुवर्षं चांगली जगू शकतात.

आणखी एक. १९२१ साली कॅनडात टोरांटो इथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन शोधलं, ते कुत्र्यांवर प्रयोग करून. पुढे कित्येक दशकं माणसांसाठीचं इन्शुलिन गुराडुकरांच्या स्वादुपिंडातून काढलं जाई. मुक्या जनावरांच्या जिवावर माणसाला मिळालेलं हे औषध आहे. त्यातले दोन थेंब आपल्या घरच्या मुक्या जिवाला वेळेवर मिळाले, तर त्या ऋणातलं थोडं फिटेल.