माशांचा खाऊ आणि माणसाचा दमा

कांचेच्या पेटींतले रंगीत मासे शहरांतल्या पुष्कळ घरांत दिसतात. त्यांना खाऊं घालण्याचें काम बहुधा घरांतल्या एखाद्या मुलाकडे येतें. तो डबी उघडतो, चिमूटभर लाल खाऊ बोटांनीं चुरतो, पाण्यावर भुरभुरतो आणि त्याच बोटांनीं डोळे चोळतो. वर्ष-दीड वर्ष हा क्रम बिनबोभाट चालतो. मग एके दिवशीं पांच-दहा मिनिटांत शिंकांवर शिंका सुरू होतात, डोळे लाल होतात, बोटांच्या बेचक्यांत खाज सुटून गांधी उठतात. आणि पुढें कधीं तरी छातीहि घरघरूं लागते. घरांतलीं वडील माणसें म्हणतात, पेटीच्या पाण्याची ओल बाधली. मुलाला काढा मिळतो, मासे शेजाऱ्यांकडे रवाना होतात. कांहीं घरीं मासे राहतात, काढाहि चालूं राहतो, आणि दमा वाढत जातो. संशय पाण्यावर जातो, माशांवर जातो. डबीवर सहसा कोणाचा जात नाहीं.

त्या डबींत असतें तरी काय? बाजारांत ज्याला ब्लडवर्म म्हणतात तो लाल खाऊ नांवाप्रमाणें कृमि नव्हे. ती कायरोनोमस नांवाच्या एका माशीची अळी होय. ही माशी दिसावयास थेट डांसासारखी, पण चावत नाहीं. तिच्या अळ्या तळ्याच्या किंवा गटाराच्या तळाशीं चिखलांत राहतात. तेथें प्राणवायु फार थोडा. तो धरून ठेवण्यासाठीं या अळीच्या अंगांत हिमोग्लोबिन असतें. म्हणूनच तिचा रंग असा लालभडक. कीटकांत ही गोष्ट दुर्मिळ आहे. माणसाच्या शरीरांत हिमोग्लोबिन तांबड्या रक्तपेशींत कोंडलेलें असतें. या अळीच्या अंगांत तें द्रवांतच विरघळलेलें असतें आणि त्याचे रेणूहि लहान असतात. अळ्या वाळवल्या तरी तें नाहींसें होत नाहीं. डबीच्या तळाशीं जी बारीक लाल भुकटी जमते तिच्याबरोबर तें हवेंत उडतें आणि नाकाच्या ओल्या अस्तरावर पोंचतें. जर्मनींत क्सावर बाउर आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें कीं, या अळ्या हाताळणाऱ्यांना जो त्रास होतो त्याचें मुख्य कारण हेंच हिमोग्लोबिन. दुकानदार हा खाऊ ‘नैसर्गिक’ म्हणून विकतो. त्यांत खोटें कांहींच नाहीं; गटारांतली अळीहि नैसर्गिकच!

ज्यांनीं माशांची पेटी कधीं पाहिलीहि नसेल अशा लोकांनाहि या कुळांतल्या माशीनें छळलें आहे. सुदानांत नाईल नदीच्या कांठीं एका हिरवट माशीचे थवेच्या थवे उठतात. तेथें तिला निमित्ती म्हणतात. तीहि चावत नाहीं. पण मेलेल्या माशांचा चुरा श्वासाबरोबर आंत जातो आणि दम्याच्या रोग्यांची दैना उडते. खार्तुमच्या परिसरांतल्या रोग्यांची तपासणी होऊन ही अ‍ॅलर्जीच असल्याचें १९८० च्या सुमारास सिद्ध झालें. नदीकांठीं जें थव्यांमुळें होतें, तेंच दिवाणखान्यांत एका डबीमुळें होतें.

मग पहिलें वर्ष सुखाचें कां गेलें? ‘इतके दिवस हाताळलें, तेव्हां कांहीं झालें नाहीं’ हा युक्तिवाद घरोघर ऐकूं येतो आणि तोच घात करतो. अ‍ॅलर्जी हा शब्द क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या वैद्यानें १९०६ सालीं रूढ केला, तो नेमका अशा बदललेल्या प्रतिसादासाठीं. पहिल्या कांहीं भेटींत शरीर परक्या पदार्थाची ओळख करून घेतें आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नांवाचीं द्रव्यें तयार करून ठेवतें. वरून कांहींच दिसत नाहीं. पुढें तोच पदार्थ पुन्हां आला कीं, सज्ज असलेल्या पेशी हिस्टामिन सोडतात आणि कांहीं मिनिटांत शिंका, गांधी, दमा यांचा मारा सुरू होतो. म्हणजे निर्धोक वाटणारे ते महिने पुष्कळदां तयारीचेच असतात. ज्यांना धुळींतल्या बारीक किडींची किंवा कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे, त्यांच्यापैकीं कांहींना हा खाऊहि बाधतो. कारण या प्राण्यांच्या स्नायूंत एकमेकांशीं जुळणारीं प्रथिनें असतात.

उपाय साधे आहेत. वाळवलेली वडी बोटांनीं चुरूं नये; वाटींत पेटींतलें थोडें पाणी घेऊन तींत भिजवावी आणि चमच्यानें घालावी. त्या वेळीं डोक्यावरचा पंखा बंद असावा. डबी तोंडाजवळ धरून हुंगूं नये. बर्फांत गोठवलेल्या अळ्यांची धूळ उडत नाहीं, परंतु ओल्या हातालाहि गांधी उठतात. तेव्हां रबरी मोजे घालावे आणि नंतर हात साबणानें धुवावे. ज्याला एकदां त्रास झाला त्याच्यासाठीं खाऊच बदलणें उत्तम. वनस्पतींच्या गोळ्या पुष्कळ मासे आवडीनें खातात. मात्र डबीवरचें बारीक अक्षर वाचावें. मिश्र खाऊंतहि कायरोनोमसचें नांव सांपडतें.

डॉक्टरांकडे जातांना डबी बरोबर न्यावी. खाऊ घातल्यापासून किती वेळानें त्रास झाला, हें सांगितलें तर निदान सोपें होतें. त्वचेवरची आणि रक्ताची चांचणीहि करतां येते. पण ओठ किंवा घसा सुजला, श्वास अडूं लागला किंवा मूर्च्छा येऊं लागली, तर घरगुती इलाजांत क्षणभरहि न दवडतां थेट रुग्णालय गांठावें. तेथें अ‍ॅड्रिनलिनचें इंजेक्शन प्राण वांचवतें. इतरांच्या बाबतींत मासे देऊन टाकण्याची गरज सहसा पडत नाहीं. खाऊ घालण्याचें काम घरांतल्या दुसऱ्या कोणीं तरी करावें, आणि मुलानें कांचेपलीकडून मासे पाहावे.