तंबोऱ्याची गदा होते तेव्हा

पडद्यामागे अजून मिशा चिकटवत असलेल्या माझ्या बालमित्रांनो,

भिलाई म्हटलं की पोलाद आठवतं. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी इथल्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. पण मी आज बोलणार आहे ती इथून जवळच्याच गनियारी गावातल्या एका मुलीबद्दल.

तिचे आजोबा ब्रिजलाल पंडवानी, म्हणजे गाण्यातून सांगितलेलं महाभारत, गायचे. ते ऐकून ऐकून तिला पाठ झालं. शाळा मात्र तिच्या वाट्याला आली नाही. तेराव्या वर्षी चंद्रखुरी गावात तिनं पहिली पंडवानी गायली. बायकांनी बसूनच गायचं अशी तेव्हाची रीत. ही उभी राहिली. हातातला तंबोरा कधी भीमाची गदा, कधी अर्जुनाचं धनुष्य! याच तीजनबाईंना २०१९मध्ये पद्मविभूषण मिळालं. आणि त्यांना नोकरी दिली ती आपल्या पोलाद कारखान्यानं, याचा मला फार अभिमान वाटतो.

तंबोऱ्याची गदा करायला काय लागतं? समोर नसलेली वस्तू डोळ्यांपुढे आणावी लागते आणि ती दुसऱ्यालाही दिसेल असं करावं लागतं. भूमितीत आणि यंत्राच्या आराखड्यातही हेच लागतं, आणि ते मुलं चित्रं काढताना शिकतात. तरी परीक्षा जवळ आली की पहिली गदा येते चित्रकलेच्या तासावर. मुख्याध्यापिकाबाई, हे थांबवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

चित्रकलेच्या साहित्याला पैसे नाहीत, असं कुणी म्हणेल. ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पानं, माती वापरली. आपल्या अंगणात यातलं काय मिळेल? शिंपले सोडले तर सगळंच!

पालकांनो, मुलानं चित्र दाखवलं की लगेच ‘छान’ म्हणून मोकळे होऊ नका. ‘इथे काय चाललंय, सांग ना’ असं विचारा आणि पुरतं ऐका. पंडवानीत गाणाऱ्याला हुंकार देणारा, मध्येच प्रश्न विचारणारा एक रागी असतो. घरात ते काम तुमचं.

पुढच्या वर्षी या रंगमंचावर मुलांनी स्वतः रचलेली मराठी पंडवानी व्हावी. रागी छत्तीसगढीत विचारेल, गाणारी मराठीत सांगेल. पाहुणी म्हणून नको, प्रेक्षक म्हणून बोलवा; मी नक्की येईन.