हत्यारं मोजतात, पोरी कोण मोजतं?

(तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या मुलींसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



आत्ता माझी ओळख करून देताना 'एमएसडब्ल्यू झालेली कार्यकर्ती' असं सांगितलं गेलं. ते खरंच आहे. पण त्याच्या आधी एक वर्ष मी विमानाच्या इंजिनांच्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार होते. हे मी पुष्कळ वर्षं कुणाला सांगत नव्हते. अर्ध्यावर सुटलेल्या गोष्टीबद्दल बोलायला जीव कचरतो. आज मुद्दाम बोलते आहे, कारण आपल्या गटांकडे आता आयटीआय झालेल्या मुली येऊ लागल्या आहेत आणि त्यांना नेमकं काय विचारायचं हे आपल्याला नीट ठाऊक नसतं.

२००८ साल होतं. बारावी सायन्सनंतर मी आयटीआयला फिटरचा ट्रेड घेतला होता. वडील गिरणी सुटल्यावर वॉचमनची नोकरी करायचे. ते म्हणाले, "हातात पाना असला की माणूस उपाशी मरत नाही." आई म्हणाली, "अगं, पण एवढ्या पुरुषांत?" मुंबईतल्या त्या कारखान्यात आम्ही चाळीसेक उमेदवार होतो. त्यात मुली चार.

काम मला मनापासून आवडलं, हे आधी सांगते. इंजिन आलं की ते सुटं करायचं, प्रत्येक भाग धुवायचा, त्याला चिठ्ठी बांधायची. डोळ्यांना न दिसणारी भेग शोधायला भागावर चमकणारा द्रव लावतात, पुसतात आणि अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली धरतात. भेग असेल तर हिरवी रेघ उजळते. पहिल्यांदा ती रेघ दिसली तेव्हा अंगावर काटा आला होता. ती सुटली असती तर आकाशात काय झालं असतं!

पहिला महिना आम्ही नुसती लॉकवायर बांधायला शिकलो. इंजिनाच्या थरथरीनं बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून दोन बोल्टांना पीळ दिलेल्या तारेनं जखडतात. तारेची ओढ बोल्ट आवळण्याच्या दिशेनं हवी. उलटी बांधली तर बांधून न बांधल्यासारखीच. आम्हाला शिकवणारे काका म्हणायचे, "पोरी, शेवटचं टोक आत वळव. तुझ्यानंतर इथं कुणीतरी हात घालणार आहे." ते मला अजून आठवतं.

आणि तिथं हत्यारांचा फळा होता. प्रत्येक पान्याची, पकडीची आकृती फळ्यावर रंगवलेली. शिफ्ट सुटताना एक जरी आकृती रिकामी दिसली तर कुणी घरी जायचं नाही आणि इंजिन पुढं सरकायचं नाही. त्याचं कारण आम्हाला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ काँकॉर्ड विमान कोसळलं. दुसऱ्या विमानातून धावपट्टीवर पडलेली धातूची एक पट्टी त्याच्या चाकाखाली आली, टायर फुटला आणि पुढं ११३ माणसं गेली. एका पट्टीपायी!

एकदा माझ्या हातून वायसर आत पडला. मी घाबरत घाबरत जाऊन सांगितलं. काम थांबलं. दोन तास टॉर्च आणि आरसा घेऊन सगळ्यांनी शोधलं, तेव्हा मिळाला. साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "सांगितलंस हे बरं केलंस. लपवलं असतंस तर माफी नव्हती." मला वाटलं, किती चांगली जागा आहे ही! चूक सांगणाऱ्याला इथं शिक्षा नाही.

आता दुसरी बाजू. बायकांचं स्वच्छतागृह ऑफिसच्या इमारतीत, जाऊन यायला पंधरा-वीस मिनिटं. म्हणून आम्ही पाणीच कमी प्यायचो. एकीला लघवीचा त्रास सुरू झाला. कामाचे कपडे पुरुषांच्या मापाचे, बाह्या लोंबणाऱ्या. यंत्राजवळ ते धोक्याचं. तीन महिन्यांनी दोघींना स्टोअरमध्ये आणि रजिस्टरवर बसवलं. "मुलींचं अक्षर चांगलं असतं" आणि "जड कामं तुम्हाला नकोत." बायांनो, दोन टनांहून जड इंजिन कुठला पुरुष हातानं उचलतो? ते क्रेनच उचलते! इंग्लंडच्या ॲमी जॉन्सननं १९२९ साली विमानदुरुस्तीचा परवाना मिळवला होता आणि १९३० साली ती एकटी विमान घेऊन ऑस्ट्रेलियाला गेली. आम्हाला मात्र २००८ साली वह्या भरायला बसवलं.

यात नुकसान कसलं, असं कुणाला वाटेल. विमानदुरुस्तीच्या परवान्याला परीक्षेबरोबर प्रत्यक्ष कामाचा अनुभव दाखवावा लागतो. त्यासाठी केलेलं प्रत्येक काम लॉगबुकात चढतं. जिला इंजिनाला हातच लावू दिला नाही, तिचं लॉगबुक रिकामं. म्हणजे काळजीपोटी मिळालेलं सोपं काम पुढची वाट बंद करतं.

आणि एक गोष्ट. एक जुने मेकॅनिक पाना कसा धरायचा हे दाखवताना मागे उभे राहून आमच्या हातांवर हात ठेवायचे. सोडायचे नाहीत. हे सगळ्यांना माहीत होतं. आमच्यातल्या एकीनं धीर करून साहेबांना सांगितलं. त्याच साहेबांना, ज्यांनी वायसरसाठी दोन तास काम थांबवलं होतं. ते म्हणाले, "वडिलांसारखे आहेत ते. तुला दुसरीकडे टाकतो." ती स्टोअरमध्ये गेली, ते जागेवरच राहिले. दोन महिन्यांनी तिनं येणं सोडलं. पुढं आणखी एक गेली.

फळ्यावरचा एक पाना गेला असता तर शिफ्ट थांबली असती. ती गेली त्या दिवशी शिफ्ट वेळेवर सुटली.

मीही बोलले नाही. साहेबांनी विचारलं असतं तर मी साक्ष दिली असती, असं मी स्वतःला सांगत असे. पण त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला माझ्या लॉगबुकाची भीती होती. वर्ष पुरं झालं, प्रमाणपत्र मिळालं, पण लॉगबुक तोकडंच राहिलं. पुढं मुक्त विद्यापीठातून बीए केलं, मग समाजकार्याकडे वळले. त्या मैत्रिणीचं ऋण मात्र डोक्यावर आहे.

विशाखा निकाल १९९७ सालीच लागला होता. कारखान्यात एकाही भिंतीवर तो लिहिलेला नव्हता. आज २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा आहे आणि त्याच्या व्याख्येत 'शिकाऊ उमेदवार' हा शब्द स्पष्ट आहे. हे मुद्दाम सांगते, कारण १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार उमेदवार 'कामगार' नसतो. त्यामुळं युनियन म्हणते, तू आमची नाहीस, आणि मालक म्हणतो, तू आमची नोकर नाहीस. छळाच्या तक्रारीत मात्र हे कारण चालत नाही. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती हवीच. तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यायची. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. समितीच नसेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. करारासंबंधी तंटा असेल तर तो शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे नेता येतो.

पण कायदा मुलीच्या हातात आपण द्यायचा आहे. म्हणून माझी सूचना अशी. गटात उमेदवारी करणारी मुलगी आली की चार गोष्टी विचारा. या महिन्यात तुझ्या लॉगबुकात कोणती कामं चढली? स्वच्छतागृह किती लांब आहे? समितीतल्या बाईचं नाव तुला माहीत आहे का? आणि तुझ्या तुकडीत मुली किती होत्या, आज किती आहेत? शेवटचा प्रश्न विसरू नका. जी गेली तिच्या घरी जा. ती का गेली ते लिहून ठेवा. 'लग्न ठरलं', 'झेपलं नाही' एवढ्यावर थांबू नका.

माझ्या त्या मैत्रिणीच्या घरी तेव्हा कुणीच गेलं नाही. मीसुद्धा नाही. तुम्ही जा.

इथं थांबते. आता तुमचे अनुभव ऐकायचे आहेत.