तारण कशाचं ठेवू?

मी गोदीतला हमाल. रोज दुसऱ्याचा माल उचलतो. मालावर नाव शेठचं, घाम आपला. म्हणून आज भांडवलावर बोलणार आहे.

आपल्या पोरानं धंदा काढायचा म्हटला की बँक विचारते, तारण काय? जामीन कोण? आता स्टार्टअप आलंय. तिथं तारण नाय मागत, ओळख मागतात. कॉलेज कुठलं, कुणी पाठवलं, बाप काय करतो? जात कुणी विचारत नाही. विचारायची गरजच काय?

तारण म्हणजे बापजाद्यांची जमीन, घर, सोनं. आपल्या बापजाद्यांना गावानं दिली महारकी. 1958 च्या कायद्यानं वतनं गेली. जमीन परत दिली तीही कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही, या शर्तीवर. ज्या व्यवस्थेनं हात रिकामे ठेवले, तीच आता विचारते, हातात काय आहे?

खुद्द बाबासाहेबांनी मुंबईत शेअर-व्यवहाराचा सल्ला देणारी पेढी काढली होती. एवढा अर्थशास्त्राचा जाणकार माणूस! जात कळली आणि गिऱ्हाईक फिरकेनासं झालं. अक्कल कमी पडली नव्हती, दोस्तहो.

2005 च्या आर्थिक गणनेत देशातल्या शंभर धंद्यांत दलितांचे दहासुद्धा नव्हते. लोकसंख्येत आपण शंभरात सोळा. 2016 साली स्टँड-अप इंडिया योजना आली. प्रत्येक बँक शाखेनं किमान एका दलित वा आदिवासीला आणि किमान एका बाईला 10 लाख ते 1 कोटी कर्ज द्यावं, असं त्यात होतं. शाखेमागे एक! आणि तेवढंही मागायला गेलं की दान मागितल्यासारखं बघायचे.

काही मित्र म्हणतात, 1938 साली मनमाडला बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, मग आपण शेठ व्हायचं? नाय. पण बँकेतला पैसा काय शेठच्या बापाचा आहे? त्यात माझी मजुरी आहे, धुणीभांडी करणाऱ्या आईची बचत आहे. आपली ठेव चालते, आपला अर्ज चालत नाही. भांडण इथं आहे. आणि आपल्यातला जो उभा राहील त्यानं मजुराला पुरा पगार द्यावा. नायतर फक्त शेठची जात बदलेल.

म्हणून मागणी एकच. किती अर्ज आले, किती मंजूर, किती नामंजूर आणि का, हे प्रत्येक शाखेनं फळ्यावर लिहावं.

वस्तीतल्या पोरीपोरांनो, अर्ज घेऊन एकटे जाऊ नका, दहाजण जा. पोच घ्या. नकार दिला तर लेखी मागा. तोंडी नकार आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकलाय.

जय भीम.