अभिलेखांचे अनेकस्थानी जतन : अध्यक्षीय भाषण



शहादे तालुक्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला, आणि त्या दिवसापासून आपल्या या सीमावर्ती जिल्ह्याचे नाव देशाच्या अभिलेखांच्या इतिहासात कायमचे लिहिले गेले. त्या क्रमांकामागची नोंद ज्या व्यवस्थेत राहते, तिची डेटा सेंटरे बंगळुरू आणि मानेसर येथे, परस्परांपासून दीड हजार किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहेत. एकाच नोंदीसाठी एवढ्या अंतरावर दोन घरे का बांधावीत, या प्रश्नाचा विचार मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

एकुलत्या प्रतीचा भरवसा धरू नये, ही गोष्ट आपल्या प्रांताने संगणक येण्याच्या फार पूर्वी ओळखली होती. मराठेशाहीत वतनाचे किंवा इनामाचे पत्र झाले, म्हणजे वतनदाराच्या हाती एक कागद देऊन कारभार संपत नसे. त्याच आशयाची पत्रे मुलखाच्या अंमलदारास, परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांस आणि गावच्या मोकदमास निघत, आणि अंमलदाराने पत्राची तालीक दप्तरी लिहून घेऊन अस्सल पत्र भोगवट्यासाठी ज्याचे त्यास परत करावे, अशी आज्ञा पत्राच्या शेवटी घालण्याचा शिरस्ता असे. वतनदाराचे घर धाडीत जळाले तरी देशपांड्यांच्या दप्तरातून दाखला काढता येई, आणि देशपांड्यांच्या दप्तराविषयी संशय आला तर हुजूर दप्तराशी रुजुवात घालता येई. प्रतींच्या संख्येपेक्षाही या शिरस्त्यातली एक गोष्ट मला अधिक मोलाची वाटते : ज्यांची घरे वेगळी, ज्यांचे हितसंबंध वेगळे आणि ज्यांच्यावर एकच संकट एकाच दिवशी ओढवण्याचा संभव थोडा, अशांच्या हाती त्या प्रती विखुरलेल्या असत.

आजच्या यंत्रविद्येने हेच तत्त्व अत्यंत सूक्ष्म पातळीवर नेले आहे. गूगलच्या तिघा अभियंत्यांनी २००३ मध्ये आपल्या फाइल-व्यवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात स्वस्त यंत्रे मोठ्या संख्येने वापरावयाची म्हणजे त्यांतील काही सदैव बिघडलेली असणारच, हे प्रथमच गृहीत धरलेले होते. म्हणून प्रत्येक फाइलचे ६४ मेगाबाइटांचे खंड पाडून प्रत्येक खंडाच्या सामान्यतः तीन प्रती निरनिराळ्या यंत्रांवर ठेवावयाच्या, एखादे यंत्र बंद पडले की उरलेल्या प्रतींवरून नवी प्रत अन्यत्र करून घ्यावयाची, आणि मजकुराचा ताळा जवळ बाळगून सडलेली प्रत वाचतेवेळीच ओळखावयाची, अशी ती योजना होती.

परंतु तीन प्रती एकाच छपराखाली असतील, तर आगीच्या दृष्टीने ती एकच प्रत होय. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि वरचे मजले तिने ग्रासले, तेव्हा मनुष्यहानी तर झालीच, शिवाय असंख्य कागदी संचिका भस्मसात झाल्या. ज्या प्रकरणाचा पत्रव्यवहार एखाद्या जिल्हा कार्यालयात शिल्लक असेल ते पुन्हा उभारता येते, पण जी टिप्पणी केवळ त्या एका संचिकेत होती, ती कोणत्या दप्तरातून मागवावी? कागदाचा हा दोष म्हणावा, तर संगणकविद्येत अग्रेसर अशा दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील सरकारी माहिती केंद्राला आग लागली, आणि शासकीय सेवकांच्या कामाच्या फाइली ज्या सामायिक भांडारात असत त्याची बाहेर प्रतच नसल्यामुळे ८५८ टेराबाइटांचा संग्रह नाहीसा झाला.

प्रती दूर ठेवल्या, की दुसरा आणि अधिक गहन प्रश्न उभा राहतो : त्या भिन्न झाल्या तर खरी कोणती? येथे मला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे स्मरण होते. १९१९ ते १९६६ या काळात तेथील विद्वानांनी बाराशेंहून अधिक हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्या कार्यास जी पद्धती घालून दिली, तिच्यात केवळ बहुमताला थारा नव्हता. एकाच पोथीवरून उतरलेल्या पन्नास पोथ्यांचे मत अखेर एकाच साक्षीदाराचे मत ठरते, उलट काश्मीरची शारदा पोथी आणि दूर दक्षिणेची पोथी, ज्यांचा परस्परांशी संपर्क आलेला नाही, त्या एखाद्या पाठावर एकमत होतात, तेव्हा त्या पाठाचे वजन फार वाढते. संगणकाच्या जगात गणपूर्तीचा नियम याच अडचणीवर योजिलेला आहे. तीन स्थानांपैकी दोहोंनी पोच दिल्याखेरीज लेखन पूर्ण झाले असे मानावयाचे नाही, आणि वाचतानाही दोन स्थानांस विचारावयाचे, म्हणजे त्या दोहोंपैकी एक तरी अद्ययावत असतेच. मात्र दूरच्या स्थानाची पोच येईपर्यंत थांबावे लागते, आणि हा विलंब टाळण्यासाठी जो कोणी प्रत मागाहून पाठवतो, तो मधल्या काळातील नोंदी पणाला लावतो, हे त्याने जाणून असावे.

आणखी एक भ्रम घालवणे मला आवश्यक वाटते. प्रत्येक बदल तत्काळ सर्व स्थानी पोहोचवणारी व्यवस्था यंत्राच्या मृत्यूपासून रक्षण करते, माणसाच्या चुकीपासून करीत नाही. कारकुनाने चुकून खोडलेला फेरफार क्षणार्धात तिन्ही ठिकाणी खोडला जातो. त्यासाठी कालच्या, गेल्या महिन्याच्या आणि गेल्या वर्षीच्या, कोणासही बदलता न येणाऱ्या प्रती वेगळ्या राखल्या पाहिजेत.

आपल्या जिल्ह्यात या साऱ्याचा संबंध कोणाशी येतो? अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ज्या कुटुंबांची घरे-शेते सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली, त्यांच्याजवळ आपल्या पूर्वीच्या वस्तीचा पुरावा म्हणून पुष्कळदा कागदच उरला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे आणि तेथून जिल्हा समितीकडे जातो; प्रत्येक पायरीवर त्या बाडाची, म्हणजे पंचनामा, नकाशा आणि वडीलधाऱ्यांचे जबाब यांची, प्रत राहिली, तर जुन्या तालिकांचा शिरस्ता आपण पुन्हा चालू केला असे होईल. परंतु ज्या पाड्यांत मोबाइलची रेघ क्षीण आहे, तेथे सर्व काही दूरच्या सर्व्हरवर आहे, हे आश्वासन दावेदाराच्या उपयोगी पडत नाही. एक प्रत त्याच्या हाती, दुसरी तालुक्याला आणि तिसरी तापीच्या व नर्मदेच्या खोऱ्यांबाहेर असावी, आणि या तिहींचा ताळा वेळोवेळी जुळवला जावा, असा माझा आग्रह आहे.

म्हणून दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, प्रत्येक तालुका कार्यालयाने आपला मुख्य सर्व्हर एक दिवस बाजूला ठेवून केवळ दूरच्या प्रतीवरून काम चालवून पाहावे, त्या दिवशी जे दाखले निघाले नाहीत त्यांची यादी करावी आणि ती यादी या अधिवेशनाच्या पुढील बैठकीपुढे ठेवावी, असा तो आहे. ज्यांना त्यात दुरुस्ती सुचवावयाची असेल, त्यांनी ती जेवणाच्या सुटीपूर्वी चिटणिसांकडे लेखी द्यावी. आणि कृपा करून तिची एक नक्कल स्वतःजवळही ठेवावी.