मागचा डोळा



मुंबईच्या उपनगरांत ज्यांचें आयुष्य गेलें आहे त्यांना "येऊं द्या, येऊं द्या" ही आरोळी नवी नाहीं. मुलुंडची गल्ली असो कीं घाटकोपरचा बाजार असो, मालट्रक मागें घ्यावयाचा झाला म्हणजे क्लीनर उडी मारून खालीं उतरे, गाडीच्या अंगावर थापा मारी आणि त्या थापांच्या जोरावर एवढें मोठें धूड भिंतीपासून वीतभर अंतरावर आणून उभें करी. बेस्टच्या कंडक्टरची एक घंटा म्हणजे थांब आणि दोन घंटा म्हणजे चल, तशीच ह्या थापांचीही एक भाषा असे. क्लीनर हा गाडीचा मागचा डोळाच होता म्हणा ना ! आतां पुष्कळ गाड्यांवर त्याच्या जागीं अंगठ्याएवढा कॅमेरा आला आहे. ह्या कॅमेऱ्याविषयीं, आणि गाडीवर मोठें ओझें चढलें म्हणजे त्याची जागा कां हलवावी लागते ह्याविषयीं, मला आज दोन शब्द सांगावयाचे आहेत. मी यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि जन्मभर मुलांना त्रैराशिकें घातलेला एक निवृत्त शिक्षक आहें. परंतु ह्या विषयाचा धडा मला जरा कठोरपणें मिळाला, म्हणून बोलण्याचें धाडस करीत आहें.

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेंत १९५६ सालीं ब्यूक कंपनीनें प्रदर्शनासाठीं बनविलेल्या 'सेंच्युरियन' नांवाच्या मोटारींत आरशाऐवजीं मागें दूरचित्रवाणीचा कॅमेरा व पुढें पडदा बसविला होता. विक्रीच्या मोटारींत ही सोय जपानमध्यें १९९१ सालीं टोयोटाच्या 'सोअरर' गाडींत आली. पुढें अमेरिकेंत घराच्या अंगणांतच, मागें येणाऱ्या मोटारीखालीं लहान मुलें सांपडूं लागलीं, आणि तीं चालविणारा पुष्कळदां त्या मुलांचा बापच असे. त्यांतून तेथें कायदा झाला, व २०१८ सालच्या मे महिन्यापासून प्रत्येक नव्या हलक्या गाडीला मागचें दृश्य दाखविणारी योजना सक्तीची झाली. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागचा अडथळा सांगणारे सूचक सक्तीचे झाले.

आतां माझ्या घरची हकीकत. माझ्या पुतण्याजवळ एक पिकअप गाडी आहे. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, तेव्हांपासून त्याच्या डोक्यांत एकच वेड शिरलें. गाडीच्या हौद्यांत बसेल व काढतांही येईल अशी एक लहानशी खोली करून घ्यावयाची, आणि बायकामुलांसह कोंकणांत हिंडावयाचें. अमेरिकेंत अशा खोलीला कॅम्पर म्हणतात. दोन बाकें, एक शेगडी, पाण्याची टाकी, वर पत्रा. खोली मोठी नामी झाली. मात्र ती हौद्याच्या मागें दोन फूट बाहेर येई, म्हणून मागचा फाळका काढून ठेवावा लागला. आणि कॅमेरा होता नेमका त्या फाळक्यावर ! तो फाळक्याबरोबर जिन्याखालीं जाऊन बसला, आणि गाडींतला पडदा काळा पडला.

दिवाळीच्या सुटींत पहाटे साडेचारला निघावयाचें ठरलें. "काका, तुम्ही मागें उभे राहा," असें पुतण्या म्हणाला. मीं मोठ्या हौसेनें क्लीनरचें काम पत्करलें. माझी सारी नजर खोलीच्या वरच्या कोपऱ्यावर, कीं ती सज्जाला लागते कीं काय ! मी "येऊं दे, येऊं दे" म्हणत होतों. इतक्यांत पहारेकऱ्यानें फोडलेली किंकाळी ऐकूं आली आणि गाडी थांबली. त्याची चार वर्षांची मुलगी अंगणांतल्या नळावर पाणी भरावयास आली होती. तिची निळी बादली चाकाखालीं चपटी झाली होती आणि पोर नळाला धरून दोन हातांवर उभी होती. तिच्या बापानें मला एक शब्दही बोलून दाखविला नाहीं. बोलला असता तर बरें झालें असतें. त्या दिवशीं कोंकणांत कोणीच गेलें नाहीं.

माझी चूक पुढें माझ्या ध्यानांत आली. मी खोलीच्या अगदीं पाठीशीं उभा होतों. तेथून मला पुतण्याच्या बाजूच्या आरशांत त्याचें तोंड दिसत नव्हतें, म्हणजे त्यालाही मी दिसत नव्हतों. खोली टपापेक्षां रुंद, तेव्हां त्या आरशांना जें काय दिसे तें दोन बाजूंचेंच. मागची मधली जागा कोणाच्याच नजरेंत नव्हती.

पुढचे आठ दिवस आम्ही कॅमेऱ्याच्या मागें लागलों. अंधेरीच्या एका कारागिरानें सांगितलें कीं, फाळक्यावरचा कॅमेरा तेथेंच राहूं द्या, खोलीच्या मागच्या भिंतीवर दुसरा बसवा, आणि हौद्याखालीं एक जलरोधक जोड ठेवा. खोली असेल तेव्हां एकाची तार जोडावी, नसेल तेव्हां दुसऱ्याची. तार सायलेन्सरपासून दूर, सांगाड्याला बांधून न्यावी. भिंतींत शिरण्यापूर्वीं तिला खालीं थोडा झोळ द्यावा, म्हणजे पावसाचें पाणी तारेवरून आंत न जातां झोळावरून ठिबकतें. आपल्या पावसाळ्यांत हा झोळ कॅमेऱ्याहून मोलाचा आहे !

पहिला कॅमेरा पुतण्यानें स्वस्त म्हणून आणला, तो निघाला गाडीच्या पुढें लावावयाचा. मागच्या कॅमेऱ्याचें चित्र आरशाप्रमाणें उलटवून दाखवावें लागतें, म्हणजे गाडीच्या डावीकडची वस्तु पडद्यावरही डावीकडे दिसते. ह्या कॅमेऱ्यांत डावीकडचा नळ उजवीकडे दिसूं लागला आणि पुतण्या चाक भलतीकडे फिरवूं लागला. तो परत करावा लागला.

खरी मौज पडद्यावरच्या हिरव्या, पिवळ्या व तांबड्या रेघांची. ह्या रेघा कॅमेऱ्याला दिसत नसतात; कारखान्यांत कॅमेऱ्याची उंची आणि कल हिशेबांत घेऊन त्या चित्रावर आंखलेल्या असतात. जुना कॅमेरा जमिनीपासून सुमारें एक मीटरवर होता, नवा दोन मीटरवर गेला. कल तोच ठेवला तर, उन्हांत काठीची उंची दुप्पट केल्यावर सांवली जशी दुप्पट लांब पडते, तशीच प्रत्येक रेघ दुप्पट अंतरावर जाऊन पडते. उलट कॅमेरा अधिक खालीं झुकविला, तर तीच रेघ जवळ येते. म्हणजे जागा बदलली कीं त्या रेघांवर विश्वास ठेवूं नये. कांहीं पडद्यांवर त्या सरकवितां येतात. आमच्या पडद्यावर तशी सोय नव्हती. मग आम्ही अंगणांत, खोलीच्या मागच्या टोंकापासून मोजून, एक, दोन व तीन मीटरवर विटा मांडल्या आणि त्या पडद्यावर जेथें दिसल्या तेथें रंगीत चिकटपट्टीचे तुकडे लावले. पाऊण तासाचें काम, पण सबंध खटाटोपांत सर्वांत उपयोगी तेंच ठरलें.

आणखी दोन गोष्टी सांगतों. पुतण्यानें बंपरवर सूचक बसवून घेतले होते. ते बंपरपासूनचें अंतर सांगतात. खोली तर बंपरच्याही पुढें गेलेली, तेव्हां त्यांच्या हिशेबानें दोन फूट मोकळे असतांना खोली भिंतीला टेकलेली असावयाची. शिवाय कॅमेरा खालीं पाहतो, वर पाहत नाहीं. आंब्याची फांदी, लोंबणारी तार, उपनगरांतल्या वाटांवरील उंचीच्या कमानी ह्या त्याला दिसणार नाहींत. गाडीची नवी उंची मोजून आम्ही ती टपांत कांचेवर लिहून ठेवली.

खोलीनें मागचे दिवे किंवा नंबराची पाटी झांकली, तर तीं खोलीवर पुन्हां लावावींत. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ असें आहे कीं, नोंदणीपुस्तकांतील तपशिलाशीं न जुळणारा फेरफार गाडींत करतां येत नाहीं. म्हणून खोली काढतां येणारी असली तरी आधीं परिवहन कार्यालयांत विचारून घेतलेलें बरें.

नवव्या दिवशीं पहाटे आम्ही निघालों. पुतण्या प्रथम कंदील घेऊन गाडीभोंवतीं एक फेरी मारून आला. मी ह्या खेपेस बाजूला, आरशांत त्याचें तोंड दिसेल अशा जागीं उभा राहिलों. पडद्यावर नळ डावीकडे स्वच्छ दिसत असल्याचें त्यानें मला हांक मारून सांगितलें. पहारेकरी मुलीला कडेवर घेऊन पायरीवर उभा होता. तिची नवी बादली पुतण्यानेंच आणून दिली होती, आणि ती तिनें हातांत घट्ट धरली होती.