टाकीत रोज किती पाणी?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त संस्थेच्या आवारात झालेल्या सभासद मेळाव्यातील भाषण)



मला पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगायला सांगितलं होतं. त्या बाकीचे सांगतीलच. मी नऊ वर्षं संस्थेचा खजिनदार होतो, तेव्हा मी हिशेबाचंच बोलणार. फक्त आजचा हिशेब पैशांचा नाही, पाण्याचा आहे.

कर्जत-खालापुरात पाऊस किती पडतो हे तुम्हाला सांगायला नको. समुद्रावरून आलेले ढग माथेरान आणि बोरघाटाला अडतात आणि आपल्या डोक्यावर रिकामे होतात. जून ते सप्टेंबर मिठाला पाणी सुटतं, पापड वातड होतात, दारं फुगतात, चामडी चपलांवर बुरशी चढते. आपण म्हणतो, पावसाळा आहे, चालायचंच. मीही म्हणायचो. दर वार्षिक सभेत चौथ्या मजल्यावरच्या काकू उभ्या राहून सांगायच्या, "भिंतीला ओल येते, जरा बाहेरून बघा." मी खजिनदाराच्या खुर्चीतून उत्तर द्यायचो, "खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळू द्या." लोक हसायचे. फंड वाचायचा.

मागच्या पावसाळ्यात आमच्या हिचा दमा वाढला. रात्री दोन-दोनदा उठून बसायची. डॉक्टरांनी औषध बदललं आणि जाता जाता विचारलं, "झोपायच्या खोलीत कुबट वास येतो का हो?" घरी येऊन पलंग सरकवला. पश्चिमेच्या भिंतीवर काळे ठिपके, पार गादीच्या कडेपर्यंत. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना सांगत आलेला उपाय करून पाहिला, सगळ्या खिडक्या उघडल्या. दोन दिवसांत चादरीसुद्धा ओलसर. बाहेरच्याच हवेत नव्वद-पंचाण्णव टक्के आर्द्रता असताना खिडकी उघडणं म्हणजे ओल घरात बोलावणं, हे तेव्हा कळलं.

मुलगा न्यू जर्सीला असतो. त्याच्याकडे सगळ्या घराची हवा कोरडी करणारा मोठा डिह्युमिडिफायर तळघरात बसवलेला आहे. "बाबा, तसाच बसवून घ्या," म्हणाला. पण त्यांची घरं डब्यासारखी बंद. आपल्याकडे खिडक्यांना फटी, बाथरूमला काचेच्या पट्ट्या, आणि गॅस पेटतो म्हणून स्वयंपाकघराची खिडकी बंद ठेवायचीच नाही. इथे अख्खं घर कोरडं करायला निघणं म्हणजे उल्हास नदी तांब्याने उपसणं. मी एका खोलीपुरतं, चाकांवरचं मशीन घेतलं.

त्याच्या पोटात फ्रीजसारखा कॉम्प्रेसर असतो. पंखा खोलीतली हवा थंड नळ्यांवरून ओढतो. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसं हवेतलं पाणी त्या नळ्यांवर जमतं आणि खालच्या टाकीत पडतं. मग तीच हवा गरम नळ्यांवरून बाहेर येते, त्यामुळे खोली थोडी तापते. एसीचा गारवा मिळेल अशी आशा ठेवू नका. आमचं मशीन ३०० वॅटचं आहे, रात्रीचे आठ तास चालवलं तर अडीच युनिटच्या आत खर्च. (आपल्या खोपोलीला १९१५ पासून घाटावरच्या पावसाच्या पाण्यावर वीज तयार होते. पावसाचीच वीज वापरून पाऊस खोलीबाहेर काढायचा, मजाच आहे.)

आता हिशेब. आमची खोली दहा बाय बारा, म्हणजे साधारण ३२ घनमीटर हवा. तापमान २६ अंश धरलं, तर आर्द्रता ९० टक्क्यांवरून ६० वर आणायला त्या हवेतून जेमतेम पाव लिटर पाणी निघायला हवं. पहिल्या रात्री टाकीत निघालं चार लिटर! बाकीचं आलं कुठून? गादी, उशा, कपाटातले कपडे, फटींतून येणारी हवा, आणि आम्ही दोघं. झोपेत एक माणूसच रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी बाहेर टाकतो. मी वहीत रोजचं माप लिहायला लागलो, जुनी खोड. साडेतीन, सव्वातीन, मग आकडा तीनवर येऊन जो थांबला तो हलेना.

म्हणून मशीन शेजारच्या खोलीत नेलं. आकार तेवढाच, दारं-खिडक्या तशाच बंद, झोपलोही आम्ही तिकडेच. तिथला आकडा आठवड्याने दीडवर थांबला. म्हणजे पहिल्या खोलीत रोज दीड लिटर जास्त कुणीतरी पुरवत होतं.

भिंतीवर जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून बसवला. दोन दिवसांनी पाणी दिसलं ते भिंतीच्या बाजूने. खोलीतल्या हवेचं असतं तर वरच्या बाजूने आलं असतं. मग छत्री घेऊन खाली गेलो आणि पहिल्यांदा आपली इमारत पश्चिमेकडून नीट पाहिली. छज्जापासून तुळईपर्यंत प्लॅस्टरला भेग, आमच्या खिडकीपासून थेट काकूंच्या खिडकीपर्यंत.

आपल्या जुन्या माणसांना हे कळत होतं. पावसाळ्याआधी ते पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांचे झाप बांधून झड बाहेरच अडवायचे, आणि मग आत चूल पेटवून घर सुकवायचे. मी आधी मशीन आणलं आणि भिंत नंतर पाहिली.

उपविधींत स्पष्ट आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामायिक पाइप यांतून येणारं पाणी थांबवणं संस्थेच्या खर्चाने. संडास-बाथरूम आणि सिंकची आतली गळती सभासदाच्या खर्चाने. दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या दरवर्षी किमान ०.७५ टक्के जमा करायचे असतात, तेही याचसाठी. हे सगळं मला नऊ वर्षं तोंडपाठ होतं. काकू समोर बसल्या आहेत. काकू, तुम्ही बरोबर होतात. सभेत तुमचं हसं झालं ते माझ्यामुळे. माफ करा.

मार्चमध्ये समितीने ती भेग भरून घेतली. या पावसाळ्यात त्याच खोलीतला आकडा पावणेदोनवर आला आहे. हिचा पंप सुटलेला नाही, पण रात्री उठून बसत नाही. पश्चिमेची उरलेली भिंत मात्र तशीच आहे. तिचं अंदाजपत्रक फलकावर लावलंय. रक्कम वाचून मलाही घाम फुटला, तरी पुढच्या सभेत माझा हात वर असेल.

जाता जाता, आर्द्रता मोजायचा छोटा मीटर मी आणलाय. घरात आकडा ५० ते ६० च्या दरम्यान असावा. मीटरवर विश्वास नसेल तर बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थोड्या पाण्याने चिखलासारखं भिजवा, मीटरबरोबर हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ च्या आसपास दिसलं की मीटर खरं बोलतोय. काळे ठिपके दिसले तर कोरड्या ब्रशने घासू नका, ओल्या फडक्याने पुसा, आणि दम्याच्या माणसाला तेव्हा दुसऱ्या खोलीत बसवा. वरून रंग मारून झाकू तर मुळीच नका.

मीटर ज्यांना न्यायचा असेल त्यांनी वहीत नाव लिहून न्यावा. दोन दिवसांनी परत आणून द्यावा, आकड्यासकट. पहिलं नाव काकूंचं लिहून ठेवलंय.